दुप्पटरावांची काच

एखादी वस्तू जन्मात निघू नये म्हणून ज्याने बसवली, त्याच माणसावर ती काढायची वेळ यावी, यात दैवाचा हात असतो असं दुप्पटरावांच्या बायकोला वाटत नसे. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या मते यात फक्त गोंदाचा हात होता, आणि तोही गरजेच्या दुप्पट.

दुप्पटराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गल्लीने ठेवलं होतं. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढता काढता त्यांनी गळतीच्या इतक्या तक्रारी ऐकल्या होत्या, की एकेरी कामावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. एक स्क्रू पुरे असेल तिथे ते दोन लावत. बैठकीच्या खोलीतल्या घड्याळालाही दोन खिळे होते. दोन्ही खिळे एका पातळीत नसल्यामुळे घड्याळ किंचित तिरकं दिसे; पण पडलं मात्र कधीच नाही, आणि पाहुण्यांना हे आवर्जून सांगितलं जाई. बायकोला सगळी गल्ली ‘बाई’ म्हणत असे. हळूहळू दुप्पटरावही मनातल्या मनात तिला बाईच म्हणू लागले होते, विशेषतः ती एखादी गोष्ट समजावून सांगत असताना.

इमारतीच्या मागे, त्यांच्या तळमजल्यावरच्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये त्यांची गाडी होती. ती त्यांनी विकत घेतली नव्हती, बांधली होती. एक कंपनी गाडीचे सुटे भाग पेट्यांतून पाठवायची आणि आपली गाडी आपण घरी जुळवायची. फायबरचं अंग, दोनच जागा, रंग पिकलेल्या टोमॅटोसारखा. शेवटची पेटी आली आणि कंपनी बंद पडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं दुप्पटराव सांगत. त्यांनी कंपनीला किती शंका कळवल्या होत्या हे ठाऊक असलेल्या बाई अशा वेळी चहा ठेवायला आत जात.

वर्षानुवर्षं प्रत्येक सुट्टी त्या गाडीखाली गेली. बाईंनी शेडमधली कपड्यांची दोरी सोडली, मग इस्त्रीचं टेबल सोडलं, मग शेडच सोडली. बदल्यात एकच कबुली घेतली.

“रस्त्यावर निघेल तेव्हा तुमच्या शेजारी पहिली मी बसणार.”

“म्हणजे काय! तूच. दुसरं कोण?” दुप्पटराव गाडीखालून म्हणाले होते. गाडीखालून दिलेला शब्द असल्यामुळे त्यांचा चेहरा दिसला नव्हता, पण बाईंनी पाय पाहिले होते. पाय प्रामाणिक होते.

आणि आता गाडी तयार होती. उरली होती फक्त नोंदणी.

नोंदणी कार्यालयातल्या खिडकीवरच्या मॅडमनी कागद उलटेपालटे केले. “गाडीचा चासी नंबर, सांगाड्यावरचा, कुठे ठोकलाय?”

“पुढच्या काचेखाली,” दुप्पटराव छाती काढून म्हणाले. “काच जिथे टेकते त्या कडेवर. पट्टीवर ठोकला, पट्टी रिव्हेटने बसवली. चार रिव्हेट. दोन चालली असती.”

“काचेतून वाचता येतो?”

“अगदी बसल्या बसल्या.”

घरी येऊन त्यांनी विजेरी घेतली आणि काचेला नाक लावलं. मग दुसऱ्या बाजूने लावलं. गाडीच्या काचेला चहूबाजूंनी एक काळी किनार असते. आतला गोंद बाहेरून दिसू नये म्हणून कारखान्यातच ती रंगवलेली असते. कंपनीच्या नकाशात ही किनार नव्हती. काच बसवली तेव्हा कडेला कागद चिकटवलेला होता, म्हणून ती दिसली नव्हती. दुप्पटरावांनी अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब करून बसवलेली पट्टी त्या किनारीखाली, गोंदाच्या पोटात, कायमची झोपली होती.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खिडकीपाशी उभे राहिले. “नंबर मला पाठ आहे. तोच मी दुसरीकडे ठोकतो. दारापाशी. ठळक.”

“मूळ नंबर आमच्या निरीक्षकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसरा ठोकला, तर त्याला बनावट नंबर म्हणतात.”

“अहो, पण पहिला माझाच आणि दुसराही माझाच!”

“बनावट करणारे सगळे असंच म्हणतात.”

आयुष्यात पेन्सिलसुद्धा विचारल्याशिवाय न घेतलेल्या माणसाचे कान लाल झाले. खिडकीवरच्या मॅडमना थोडी दया आली असावी. “काच काढा, नंबर दाखवा, साहेब लगेच दुसऱ्याची परवानगी देतील. पण महिना संपायच्या आत हं. पुढच्या महिन्यापासून घरी बांधलेल्या गाड्यांची नोंदणीच बंद होतेय.”

“आणि तोपर्यंत नाही झालं तर?”

“तर शेडमध्ये ठेवा. शेडला परवाना लागत नाही.”

तर असं होतं एकंदर. काच निघाली पाहिजे, आणि अखंड निघाली पाहिजे. कारण ती फुटली तर तशी काच जगात दुसरी नव्हती. कंपनीबरोबर तिचा साचाही गेला होता. काच नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर बाईंनी इतकी वर्षं शेड सोडली ती कशासाठी?

पहिल्यांदा आला काचवाला. येतानाच शिट्टी वाजवत आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “काका, तुम्ही चहा टाका. चहा गाळेपर्यंत काच तुमच्या हातात.” त्याच्याकडे आकड्यासारखी वाकडी सुरी होती. ती त्याने काचेच्या कडेने गोंदात खुपसली आणि मूठ धरून ओढली. सुरी हलली नाही. त्याने पाय गाडीला लावला. दुप्पटरावांनी तो पाय उचलून खाली ठेवला. त्याने परत ओढली. चहा गाळून झाला, पिऊन झाला, कपबशा धुऊन झाल्या. मग ‘टण्’ असा आवाज आला आणि काचवाला मूठ घेऊन मागे बसला. पातं गोंदातच राहिलं.

त्याने वाकून ते पातं बोटाने हलवून पाहिलं.

“ही काच बसवली कुणी?”

“मी,” दुप्पटराव अपराधी सुरात म्हणाले.

“गोंदाच्या किती नळ्या?”

“एक पुरते असं पुस्तकात होतं...”

“म्हणजे दोन.” काचवाल्याने टोपी काढली. “काका, मी आजवर एवढ्या काचा काढल्या, पण अशी बसवलेली पाहिली नाही. माझ्या दुकानात येता का? बसवायला. काढायला नको.”

तो गेल्यावर दुप्पटराव एका विचित्र अवस्थेत पायरीवर बसले होते. पार हरलेला माणूस आणि सत्कार झालेला माणूस एकाच वेळी एकाच सदऱ्यात बसले की कसं होईल, तसं त्यांचं झालं होतं.

“हसू नका,” बाई म्हणाल्या.

“मी कुठे हसतोय?”

“डाव्या बाजूने हसताय.”

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरचे काका केस वाळवायचं यंत्र घेऊन उतरले. हे काका निवृत्तीनंतर गिटार शिकत होते, म्हणजे रोज संध्याकाळी सगळी इमारत ती शिकत होती. “गरम हवा मारा. गोंद लोण्यासारखा वितळतो की नाही बघा.”

“हा वितळत नाही, काका,” बाई म्हणाल्या. “हा एकदा पक्का झाला की झाला. उष्णतेने थोडा मऊ पडेल, पण त्याआधी फायबर मऊ पडेल.” त्यांनी फायबरचा एक उरलेला तुकडा आणि त्याच गोंदाचा एक वाळलेला गोळा आणून दोन्हींवर गरम हवा सोडली. गोंद होता तसाच राहिला. फायबर नम्रपणे वाकलं. काका यंत्र काखोटीला मारून वर गेले आणि त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा जोरात गिटार वाजवली.

कुणी व्हिनेगर सांगितलं, कुणी बर्फ. कुणी म्हणालं, काच सरळ फोडा आणि त्या जागी प्लास्टिक लावा. दुप्पटरावांनी त्या गृहस्थांशी पुढे कित्येक दिवस फक्त हवामानाविषयी बोलणं ठेवलं. गंमत अशी, की येणारा प्रत्येक जण आधी सल्ला द्यायचा, मग काच ढकलून पाहायचा, आणि मग अदबीने विचारायचा, “ही बसवली कुणी?” दिवसागणिक दुप्पटरावांची कीर्ती वाढत होती आणि महिना संपत चालला होता.

शेवटी समोरचे दातांचे डॉक्टर आले. ते फार बोलत नसत. त्यांच्या खुर्चीत बसलेल्या कुणालाच उत्तर देता येत नसल्यामुळे संभाषणाची त्यांना सवय राहिली नव्हती. त्यांनी गुडघ्यांवर बसून गोंदाची रेघ पाहिली. सवयीने “आ करा” असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, “फट अरुंद आहे. फटीत सुरी घालायची नसते. दोरा घालायचा.”

“दोरा?”

डॉक्टरांनी खिशातून दात साफ करायच्या दोऱ्याची डबी काढली, दोरा गोंदावर धरून दोन्ही हातांनी मागेपुढे ओढला. दोरा तुटला. ते खिन्न होऊन उभे राहिले. “हिरडी फार घट्ट आहे,” म्हणाले, आणि दवाखान्यात परतले.

पण बाई त्या तुटलेल्या दोऱ्याकडे पाहत राहिल्या. गोंदावर केसाएवढा ओरखडा उमटला होता.

“दोरा चुकीचा आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “हालचाल बरोबर आहे. पोलादी तार हवी. बारीक, आणि ताणाला टिकणारी.”

दोघांनी एकदमच वरच्या मजल्याकडे पाहिलं. वर तेव्हा एक सूर चुकत होता.

काकांनी आढेवेढे घेतले, पण विज्ञानासाठी म्हटल्यावर एक तार काढून दिली. त्या संध्याकाळी इमारतीत शांतता पसरली. लोक खिडक्या उघडून बसले.

दुसऱ्या दिवसापासून कामाची पद्धत ठरली, आणि ती बाईंनी ठरवली. त्यांनी अंगात शाळेच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट चढवला, डोळ्यांना प्रयोगशाळेचाच चष्मा लावला आणि तसाच दुसरा नवऱ्याला दिला. आरसा काचेला चिकटलेला असतो, तो आधी सोडवून कोटाच्या खिशात टाकला. दाभणाने गोंदाला आरपार भोक पाडलं, त्यातून तार ओवली आणि तारेच्या दोन्ही टोकांना दोन लाटणी बांधली. तार झिजू नये म्हणून साबणाच्या पाण्याची बाटली. एक जण गाडीच्या आत, एक बाहेर. आतल्याने ओढायचं तेव्हा बाहेरच्याने सोडायचं, बाहेरच्याने ओढायचं तेव्हा आतल्याने सोडायचं. करवतीसारखं.

“आणि तार गाडीच्या कडेला घासून ठेवायची,” बाई आतून म्हणाल्या. “काचेला लागता कामा नये. एक टवका उडाला की तडा शेवटपर्यंत जाईल.”

“कळलं. ओढ.”

“ओढतेय. तुम्ही सोडा की!”

“सोडलंय.”

“सोडलंय म्हणता आणि धरून बसलाय.”

“थोडं धरलंय. आधाराला.”

“आधार द्यायचा नाहीये, तार द्यायची आहे!”

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसांना एकमेकांबद्दल सगळं ठाऊक असतं असं समजतात. पण मध्ये काच असताना एकाच तारेची दोन टोकं धरून बसल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. दुप्पटरावांना त्या दुपारी कळलं, की आपल्याला सोडता येत नाही. ओढायला सांगा, दिवसभर ओढतील. सोडायची वेळ आली की बोटं आपोआप आवळतात. पहिली तार त्यानेच तुटली. दुसरीही.

काका दर वेळी सुतकी चेहऱ्याने नवी तार आणून देत. इमारतीतले लोक मात्र विलक्षण मदतीला धावू लागले. कुणी पक्कड आणून दिली, कुणी सरबत. तळमजल्यावरच्या एका आजीने तर दुप्पटरावांच्या कानाशी येऊन विचारलं, “अजून किती तारा उरल्यात रे वर?”

तिसरी तार ओवल्यावर बाई म्हणाल्या, “असं करा. डोळे मिटा. मी ओढलं की तुमचा हात माझ्याबरोबर येऊ द्या. झोपाळ्यावर बसल्यासारखा.”

त्यांनी डोळे मिटले. हात पुढे गेला, मागे आला. साबणाचा फेस कडेवरून ओघळू लागला. काळ्या गोंदाचा चुरा पडायला लागला. बाई आतून बारीक आवाजात लय धरत होत्या, “घ्या... द्या... घ्या... द्या...” आणि दुप्पटरावांच्या मनात आलं, की आपण गाडी बांधत होतो तेव्हा ही इतकी वर्षं अशीच तर देत आली. दोरी दिली, टेबल दिलं, शेड दिली. आपण नुसते घेत राहिलो. हे तिला सांगावं असं त्यांना फार वाटलं. ते म्हणाले, “साबण मार.”

तार वरच्या कडेने गेली, दोन्ही बाजूंनी उतरली. काचवाल्याचं पातं वाटेत सापडलं. ते दुप्पटरावांनी आदराने बाजूला ठेवलं. खालच्या कडेला मात्र मधोमध तार अडली. पुढे जाईना.

“इथे गोंद जास्त झालाय,” बाई म्हणाल्या.

“सगळीकडेच जास्त झालाय.”

“मग जोर लावा. सोडून, पण जोराने.”

दोघांनी जोर लावला. ‘टक्’ असा आवाज आला. तार पुढे सरकली, पुन्हा अडली. पुन्हा ‘टक्’. असं चारदा झालं. आणि मग सगळी तार सुळकन बाहेर आली, आणि काच, ती जगातली एकुलती एक काच, आपल्या जागेवर हलकेच डुलली.

डॉक्टर आणि काका धावले. तुंबलेलं सिंक मोकळं करायचे रबरी पंप दोन घरांतून मागवून काचेवर दाबले गेले, आणि चौघांनी मिळून ती उचलून गादीवर पालथी ठेवली. एक टवका नाही, एक ओरखडा नाही. गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या. दुप्पटरावांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि नंबर पाहायला गाडीकडे वळले.

कडेवर नंबर नव्हता. पट्टीही नव्हती. होती फक्त चार गोल भोकं.

‘टक्’ असं चारदा का झालं, ते त्यांना तेव्हा कळलं. तार कडेला घासून ठेवली होती, ती पट्टीच्या खालून गेली होती, आणि चारही रिव्हेट त्यांनी दोघांनी मिळून, लयीत, कापले होते. पट्टी गेली होती काचेबरोबर, गोंदाला चिकटून, नंबराची बाजू आत.

आणि नेमक्या त्या क्षणी, बोलावल्याप्रमाणे, फाटकातून निरीक्षक आले. किडकिडीत, हातात कागद लावलेली फळी, डोळ्यांवर नियमाचा चष्मा. महिन्यातला कामाचा शेवटचा दिवस होता.

“नंबर?”

दुप्पटरावांनी गादीकडे बोट दाखवलं. निरीक्षकांनी वाकून पट्टीची पाठ पाहिली. “ही गाडीवर हवी होती.”

“होती, साहेब. आता काचेवर आहे.”

“सोडवा. पुढची बाजू बघू.”

दुप्पटरावांनी पट्टीखाली नख घातलं. मग स्क्रूड्रायव्हर. काकांनी प्रयत्न केला, डॉक्टरांनी दवाखान्यातून एक चिमटा आणला. शेवटी निरीक्षकांनी फळी खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि स्वतः ओढून पाहिलं. बराच वेळ ओढून पाहिलं. मग हात झटकत सरळ उभे राहिले.

“ही बसवली कुणी?”

दुप्पटरावांना पहिल्यांदाच या प्रश्नाचा आनंद झाला नाही. ते बाईंकडे पाहत होते. इतक्या वर्षांचा शब्द, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातांनी चिकटवून टाकला होता. “मी,” ते म्हणाले. “माझंच चुकलं. मला थोडक्यात काही करताच येत नाही.”

बाई गादीपाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. पट्टीच्या पाठीवरून बोट फिरवत होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “आकडे ठोकताना हातोडा किती वेळा मारला होता?”

“एकदा पुरतो असं पुस्तकात होतं.”

“देवमाणूस आहात तुम्ही,” बाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरले होते. “साहेब, जरा बोट लावून बघा. आकडे पाठीवर उमटलेत. वर आलेत. फक्त उलटे आहेत.”

आणि त्यांनी कोटाच्या खिशातून गाडीचा आरसा काढून पट्टीशेजारी उभा धरला. आरशात नंबर सरळ, स्वच्छ, एकेक आकडा वाचता येईल असा उभा राहिला.

निरीक्षकांनी कागदावरचा नंबर आरशातल्या नंबराशी ताडून पाहिला. एक आकडा, दुसरा आकडा, शेवटपर्यंत. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. “नियमात ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ असं आहे. आरशात पाहिलेलं डोळ्यांनी पाहिलेलं धरायचं का?”

“साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या, “हा गाडीचाच आरसा आहे. यात मागचा ट्रक दिसला, तर तो आहे असं धरता, की मान वळवून बघेपर्यंत थांबता?”

निरीक्षकांनी विचार केला. गॅलऱ्यांनी श्वास धरला.

“धरतो,” निरीक्षक म्हणाले. “ठोका दुसरा नंबर. दारापाशी, माझ्यासमोर.” दुप्पटरावांनी हातोडा उचलला तसे घाईघाईने म्हणाले, “एकेकदाच!”

नंबर ठोकून झाला. निरीक्षकांनी शिक्का काढला आणि परत खिशात ठेवला. “ब्रेकची चाचणी राहिली. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं आणि मी हात दाखवला की थांबायचं. समोर काच नाही, तेव्हा हळू. आणि शेजारच्या जागेवर वजन हवं.”

“कसलं वजन?”

“कसलंही. माणूस चालेल.”

डॉक्टर पुढे झाले. काका म्हणाले, माझ्या तारा गेल्यात, हक्क माझा आहे. दुप्पटरावांनी दोघांनाही हाताने थांबवलं.

“वजन ठरलेलं आहे,” ते म्हणाले, आणि पलीकडचं दार उघडून उभे राहिले.

बाईंनी कोटाची बटणं लावली, प्रयोगशाळेचा चष्मा नीट बसवला आणि जन्मभर गाडीत बसत आल्यासारख्या आत बसल्या. टोमॅटोच्या रंगाची ती गाडी फाटकातून बाहेर पडली. काच नव्हती, त्यामुळे वारा विचारल्याशिवाय आत येत होता. कोटाची कॉलर फडफडली, केस सुटले. त्या हसत होत्या, दोन्ही बाजूंनी. दुप्पटरावांना वाटलं, तार ओढताना सांगायचं राहिलं ते आता सांगावं. पण वाऱ्यात ऐकू गेलं नसतं, म्हणून त्यांनी तेच दोनदा सांगितलं. बाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण त्यांचा हात स्टिअरिंगवरच्या हातावर क्षणभर येऊन गेला.

परत येताना निरीक्षकांनी हात दाखवला. ब्रेक दुप्पटरावांनी बसवले होते. गाडी जागच्या जागी थांबली आणि धूळ तेवढी पुढे गेली. निरीक्षकांनी तिथेच, गाडीच्या नाकावर कागद टेकून, शिक्का मारला.

“पास. काच मात्र पुन्हा बसवून घ्या. आणि काय हो, गोंद...”

“एकच नळी,” दुप्पटराव म्हणाले.

“बरं. उतरवा आता वजन.”

दुप्पटरावांनी शेजारी पाहिलं. बाई समोर बघत होत्या, चष्मा लावून, कोपऱ्याच्या पलीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे.

“वजन उतरत नाही म्हणतंय, साहेब,” ते म्हणाले, आणि त्यांनी क्लच सोडला. अगदी अलगद सोडला.